हिवाळ्याची चाकं

ऑक्टोबरात एका सकाळी गाडीच्या काचेवर हात फिरवला की कळतं. कालपर्यंत नुसतं दव असायचं, बोटाने पुसलं की निघायचं. आज ते खरबरीत लागतं, नखाला थोडं अडतं. साले नदीवर धुकं बसलेलं असतं, पलीकडच्या चुनखडीच्या टेकड्या अर्ध्याच दिसतात, आणि शेजारच्या बाई कुत्र्याला फिरवता फिरवता थांबून दरवर्षीचा प्रश्न विचारतात, "काय, चाकं बदलली का?" आपल्याकडे दिवाळीच्या आधी फराळाचं कुठवर आलं म्हणून विचारतात, अगदी त्याच सुरात.

इथे जर्मनीत 'ओ ते ओ' असा एक मंत्र आहे. ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. या दोन ओंच्या मधल्या काळात गाडीला हिवाळ्याची चाकं हवीत. कायदा म्हणतो की रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा हवीत, पण इथल्या माणसाला कायद्याहूनही वेळापत्रक जवळचं. बाहेर छान ऊन पडलेलं असतं, लोक अंगणात बसून कॉफी पीत असतात आणि वर्कशॉपसमोर गाड्यांची रांग लागलेली असते. पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. आता मीही त्या रांगेत असते, आणि कुणी मध्ये घुसलं तर नापसंतीने बघते.

यंदा आमच्या वर्कशॉपवाल्याने, हेर (म्हणजे श्रीयुत) लोरेन्त्सने, माझा जुना हिवाळी टायर हातात घेऊन मान हलवली. "तशी नक्षी आहे अजून," तो म्हणाला, "पण रबर म्हातारं झालं. दाबून बघा." मी अंगठ्याने दाबला. कडक लागला. काचा तपासणं हा माझा धंदा आहे, कुठली वस्तू किती कडक यावर मी पोट भरते, तेव्हा रबर कडक झालं म्हणून मला काही वाटायचं कारण नव्हतं. पण वाटलं. ते चार टायर नाना इथे होते त्या हिवाळ्यातले होते.

नाना म्हणजे माझे सासरे. त्या हिवाळ्यात घडलं म्हणाल तर फार काही घडलं नाही. चार टायर घेतले, एवढंच. पण ते घ्यायचे की नाही यावर माझी नोकरी अवलंबून होती, आणि हे घरात सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नव्हतं.

इथेच येनात पीएच.डी. संपवून मी नुकतीच नोकरीला लागले होते. काम मनासारखं होतं, भिंगांच्या काचा तपासायच्या. कंपनी मात्र थुरिंगियाच्या जंगलात, डोंगरावरच्या एका गावात. ट्रेन पायथ्यापर्यंत जाते, पुढे बस, आणि बर्फ पडला की बसचं काही खरं नाही. म्हणजे गाडी आली. लायसन्स मी त्याच वसंतात काढलेलं. पुण्यात जन्मभर स्कूटी चालवली, चारचाकीचा हात नवा, आणि बर्फ मी फक्त खिडकीतून पाहिलेला. समीर, माझा नवरा, म्युनिकला एका सॉफ्टवेअर कंपनीत. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी यायचा. दोन गावांत दोन भाडी, आणि म्युनिकचं भाडं म्हणजे काय ते ज्याने भरलं त्यालाच ठाऊक. तो दमला होता. शेवटी आमचं ठरलं, हा एक हिवाळा बघू. जमलं तर येना, नाही जमलं तर वसंतात चंबूगबाळं आवरून सगळे म्युनिकला. जमलं तर म्हणजे मला त्या रस्त्याने रोज वर जाऊन रोज खाली येता आलं तर. म्युनिकला माझ्या कामाची जागा मिळेल का, हा प्रश्न तूर्त पुढे ढकलला होता.

नाना आले ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. साताऱ्याचं घर त्यांना खायला उठत होतं, आणि आम्हाला संध्याकाळी ईराला बघायला माणूस हवं होतं. ईरा तेव्हा किंडरगार्टनमध्ये जायची. त्या दोघांचं छान जमलं. नाना मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघांनाही आपलं म्हणणं पोचलं असं वाटायचं. नाना माकडटोपी घालून खिडकीशी बसायचे. समोरच्या पानगळीकडे ते काळजीने बघायचे, एवढी झाडं एकदम वाळायला लागली म्हणून. मी सांगितलं की दरवर्षी असंच होतं, तेव्हा म्हणाले, "तरीपण पाणी घालायला काय हरकत आहे?" जन्मभर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, पाण्यावर त्यांचा फार विश्वास.

टायरची चर्चा दसऱ्याच्या आठवड्यात सुरू झाली. म्युनिकच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर समीरने नुसतं विचारलं, आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. एकजण म्हणाला, ऑल-सीझन घ्या, उगाच दोन सेट सांभाळायची कटकट. दुसरा म्हणाला, ऑल-सीझन म्हणजे धड ना इकडचे ना तिकडचे. तिसऱ्याने खिळ्यांच्या टायरचा फोटो टाकला, त्याला चौथ्याने सांगितलं की खिळे जर्मनीत चालत नाहीत. पाचव्याने पुण्यात आपण एकाच सेटवर किती वर्षं काढली ते सांगितलं. टायर अगदी गोटा झाले होते म्हणे, तरी महाबळेश्वर केलं.

समीरला ऑल-सीझनच पटले होते, आणि तटस्थपणे सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. जो शहरात राहतो, थोडंच चालवतो आणि बर्फ पडला तर ट्रामने जातो, त्याला बारमाही टायर पुरतात. त्यांच्यावरही डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं, म्हणजे बर्फाची परीक्षा ते पास झालेले असतात. पण काठावर पास. थंडी वाढली की साधं रबर कडक होतं आणि रस्ता सोडतं. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, नक्षीतही बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. मी हे सगळं वाचून काढलं होतं. आलेख पाहिले, ब्रेकचं अंतर पाहिलं. भीती वाटली की मी आलेख बघते, ही माझी जुनी खोड आहे.

दसऱ्याला नानांनी गाडीची साग्रसंगीत पूजा केली. झेंडूची फुलं बागेच्या दुकानातून आणली. सोनं म्हणून आपट्याची पानं कुठून आणणार, तर ईरा किंडरगार्टनच्या दारातून गिंको नावाच्या झाडाची पिवळी पानं गोळा करून घेऊन आली. मधे चिरलेली, आपट्यासारखीच. नानांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "ही तर पिकलेली आहेत. इथलं सोनं खरं दिसतंय." चाकांना हळदकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं ठेवली, मी गाडी पुढे घेतली. लिंबं चिरडली तेव्हा ईराने टाळ्या वाजवल्या.

आणि दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपमध्ये ती चाकं काढायची होती. हे नानांच्या तिथे गेल्यावर लक्षात आलं. "म्हणजे काल पूजा केली ती तळघरात जाणार, आणि बिनपूजेची रस्त्यावर?" मी म्हटलं, "नाना, कॅलेंडर तसंच आहे." त्यांना ते पटलं नाही.

पण आधी टायर निवडायचे होते. हेर लोरेन्त्सने दोन नमुने काउंटरवर ठेवले, एक बारमाही, एक हिवाळी. समीर फोनवर होता, स्पीकर चालू. "अगं, ऑल-सीझनच घे," तो म्हणाला. "एकात काम भागतं. पुढच्या वर्षी आपण इकडे असू, इथे एस-बानची लोकल आहे, गाडी लागणारच नाही. एका हिवाळ्यासाठी वेगळा सेट कशाला?"

म्हणजे त्याच्या मनात ठरलं होतं. मला राग आला. त्याचा कमी, माझ्या पायांचा जास्त, कारण ब्रेकवर ते कापतात हे मला माहीत होतं, आणि त्यालाही.

नानांनी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, आंबा बघावा तसे. मग फोनकडे तोंड करून म्हणाले, "समीर, बारा महिने मिळणारा आंबा कधी गोड लागलाय का रे?"

"नाना, तुम्ही तिला चढवू नका."

"मी कुठे चढवतोय? गाडी तिची, रस्ता तिचा. तू तिला विचार की."

मग समीर म्हणाला, "बरं. तुला काय वाटतं?"

मी हेर लोरेन्त्सला सांगितलं, हिवाळ्याचे चार. माझा आवाज जरा मोठा आला असावा, कारण त्याने दोनदा मान डोलावली.

चाकं बसेपर्यंत नाना आवारात उभे होते. मग खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि नव्या चारही चाकांना लावून आले. लोरेन्त्स माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ही आमच्याकडची एक प्रकारची फेरझिशेरुंग आहे. विमा म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, आणि आदराने बाजूला झाला.

काढलेल्या उन्हाळी चाकांवर खडूने खूण करायची इथे पद्धत आहे, कुठलं चाक कुठे होतं ते वसंतात कळावं म्हणून. लोरेन्त्स दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. नानांनी खडू उचलला आणि सरकारी वळणाच्या अक्षरात चारही चाकांवर लिहून टाकलं. पु. डा., पु. उ., मा. डा., मा. उ. मी म्हटलं, "नाना, हे त्यांना वाचता येणार नाही." ते म्हणाले, "तू असशील ना वाचायला." मग खडूचे हात झटकून गाडीत जाऊन बसले.

सासूबाईंबद्दल इथे थोडं सांगायला हवं. नाना वाईला नेमणुकीवर असताना त्या पाचगणीच्या एका शाळेत शिकवायच्या. रोज सकाळी एसटीने पसरणीचा घाट चढून जायच्या, संध्याकाळी उतरून यायच्या. पुढे नानांची बदली झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. द्यायचा का, असं कुणी विचारलं नव्हतं, तसा रिवाजच नव्हता. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं, कोथिंबीर निवडताना, कोथिंबिरीबद्दल बोलावं इतक्या सहज. "मला तो घाट आवडायचा," त्या म्हणाल्या. "धुकं असलं की ड्रायव्हर दिवा लावायचा, आणि आम्ही सगळ्या बाया गप्प व्हायचो." नानांनी तो विषय कधीच काढला नाही, माझ्या ऐकण्यात तरी नाही.

पहिला बर्फ नोव्हेंबरच्या शेवटी पडला. सकाळी उठले तर खोलीत वेगळाच उजेड होता, आणि रस्त्याचा आवाज कुणी उशी दाबून ठेवावी तसा दबलेला. मी चहा केला आणि तो प्यायलाच विसरले. आज घरूनच काम करते, असं कळवायचं मनात येत होतं. एकदा कळवलं की दर बर्फाला कळवलं जाईल हेही कळत होतं. नाना स्वेटरवर स्वेटर चढवून दारात उभे होते. "आज मी येतो," म्हणाले. "तिथे बेकरी आहे म्हणालीस ना? बसतो दिवसभर."

ईराला सोडलं आणि निघालो. डोंगर सुरू झाल्यावर दोन्हीकडे सूचिपर्णी झाडं, फांद्या पांढऱ्या ओझ्याने वाकलेल्या. बर्फ काढणारी गाडी पुढे गेलेली, तरी रस्त्यावर नवा थर धरत होता. नाना एका हाताने दाराचं हँडल धरून बसले होते आणि अगदी निवांत असल्यासारखं दाखवत होते. वर जाताना काही वाटलं नाही. गावाच्या अलीकडे एक मोठा उतार आहे, उताराच्या शेवटी वळण, आणि वळणावर त्या दिवशी दुधाचा टँकर आडवा थांबलेला. माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. ब्रेकचं पेडल थरथरलं. गाडीचं मागचं अंग किंचित बाजूला सरकतंय असं वाटलं.

"पाय उचल," नाना म्हणाले. आवाज रोजचाच. "गिअर उतरव. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो. आता हळूच दाब."

मी दाबला. रबराने बर्फ धरला. तो धरल्याचं तळपायाला कळलं, ते अजूनही आठवतं. गाडी टँकरच्या बऱ्याच अलीकडे थांबली. टँकरवाल्याने हात वर केला, मीही केला. मग मी रडले, थोडंसंच. नानांनी काच खाली करून बाहेर बघितलं, म्हणजे मला एकटीला बसू दिलं.

कंपनीच्या आवारात उतरल्यावर ते वाकले आणि पुढच्या चाकाला अंगठा लावून पाहिला. "मऊच आहे अजून," म्हणाले. मग उभे राहून खाली दरीकडे बघत राहिले. दरीत धुकं भरलं होतं. "इथे रोज येतेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज. नानांनी माकडटोपी कानांवर ओढली. मग म्हणाले, "धुकं असलं की दिवा लावतेस ना?"

मला कोथिंबीर आठवली. त्यांनाही ते माहीत होतं तर. सासूबाईंनी त्यांनाही सांगितलं असणार, कधीतरी, एकदा तरी. मला त्या क्षणी नानांचा राग आला आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतं याचं नवल वाटलं. मी म्हटलं, "लावते, नाना." ते बेकरीकडे निघाले, बर्फावर बेताने पाय टाकत.

त्यानंतर मी एकटीने जायला लागले. डिसेंबरच्या अखेरीला नाना परत गेले. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला तेव्हा पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "चाकांकडे बघत जा." जानेवारीत वीट येईपर्यंत बर्फ पडला. फेब्रुवारीत तो गोठून काच झाला. काही दिवस भीती होती, काही दिवस नव्हती, मग एक दिवस लक्षात आलं की आपण गाडी चालवताना संध्याकाळच्या भाजीचा विचार करतोय.

ईस्टरच्या सुट्टीत समीर घरी होता, चाकं बदलायला तोही आला. लोरेन्त्सने तळघरातून उन्हाळी चाकं काढली, त्यावरचा खडू बघितला, एक चाक उलटं फिरवून पुन्हा बघितला आणि शेवटी आमच्याकडे हात पसरले. समीर पुढे झाला. "पुढचा डावा," त्याने वाचलं, आणि मग लोरेन्त्ससाठी जर्मनमध्ये सांगितलं. "पुढचा उजवा." तिसऱ्या चाकाशी तो थांबला. वडिलांचं अक्षर त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, हल्ली पत्रं कोण लिहितं. त्याने त्या अक्षरावरून बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं. "नानांना खात्रीच होती की गं," तो म्हणाला. परत येताना म्युनिकचा विषय निघाला नाही, पुढेही निघाला नाही. वर्षभराने त्यानेच कंपनीकडून घरून काम करायचं मागून घेतलं.

तेव्हापासून ते चार हिवाळी टायर मी पुरवून पुरवून वापरले. आता आठवड्यातून दोनदाच वर जाते, त्यामुळे टिकलेही. ईरा आता माझ्या खांद्याला लागते. नवे घेताना या वेळी कुणी सल्ला दिला नाही, मी कुणाला विचारलंच नाही. दोन्ही नमुने अंगठ्याने दाबले आणि हिवाळ्याचे चार सांगितले. जुने लोरेन्त्सने ढिगावर टाकले. मी क्षणभर तिथे उभी राहिले. मग खिशातून कुंकू काढलं. तो आपणहून बाजूला झाला. त्याला आता सवय आहे.

त्या दिवशी दुपारी साताऱ्याला फोन लावला. नानांना आता बरंच आठवत नाही. त्यांना सांभाळणाऱ्या मावशी फोन कानाशी धरून देतात. समीरला ते कधी ओळखतात, कधी खात्यातला कुणी समजतात. ईराचं नाव विसरले आहेत. पण माझा आवाज ऐकला की एक गोष्ट न चुकता विचारतात, उन्हाळा असो की हिवाळा.

"चाकं बदललीस का?"

"बदलली, नाना. आजच. नवी घेतली."

"मऊ आहेत ना?"

"मऊ आहेत."

"बरं केलंस." मागे मावशींचा टीव्ही चालू होता. "अगं, तुझी सासू अजून आली नाही शाळेतून. एवढा उशीर करत नाही ती. घाटात धुकं असेल."

मी गाडीत बसले होते. काचेबाहेर टेकड्यांवर धुकं उतरत होतं.

"येतील, नाना," मी म्हटलं. "ड्रायव्हर दिवा लावतो ना."

"हो," नाना म्हणाले. "तो लावतो. तिला म्हणावं, सावकाश ये. नोकरी काही सोडू नकोस."